कलाशिक्षक परिषदेला प्रस्ताव पाठवताना : पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

मिरज तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी चित्रकला शिकवते. आतापर्यंत तीन परिषदांमध्ये माझं सादरीकरण झालं आणि दोन परिषदांसाठी आलेले प्रस्ताव तपासण्याचं कामही वाट्याला आलं. तपासताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. सांगली-साताऱ्याकडून प्रस्ताव फार थोडे येतात, आणि जे येतात त्यांत काम चांगलं असूनही ते कागदावर उतरलेलं नसतं. शाळेत जाऊन पाहावं तर भिंतीवर मुलांची चित्रं अशी लागलेली असतात की पाय निघत नाही. त्याच कामाचा प्रस्ताव वाचावा तर हाती येतं, 'विद्यार्थ्यांच्या सुप्त कलागुणांना वाव देण्याचा नावीन्यपूर्ण प्रयत्न'. या वाक्यावरून तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. ना मूल, ना कागद, ना रंग.

म्हणून ज्यांनी अजून एकदाही प्रस्ताव पाठवलेला नाही, अशा एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा), ए.एम. (आर्ट मास्टर) झालेल्या माझ्या सहकाऱ्यांसाठी हे सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

प्रस्ताव म्हणजे काय, आणि काय नाही

परिषदेच्या चार-सहा महिने आधी, मोठी असेल तर आणखी आधी, आयोजक आवाहन काढतात : आमचा विषय अमुक आहे, तुम्हाला काय सादर करायचं ते कळवा. त्याला उत्तर म्हणून आपण जे एक-दोन पानांत लिहून देतो, तो प्रस्ताव. त्यात शीर्षक, गोषवारा (सादरीकरणाचं थोडक्यात सार), सादरीकरणाचा प्रकार, वेळेचं नियोजन, श्रोत्यांना काय मिळेल ते, लागणारं साहित्य आणि आपला परिचय एवढं असतं. दोन-तीन जण तो वाचतात, गुण देतात. बहुतेक ठिकाणी त्यांना आपलं नाव किंवा शाळा कळू दिलेली नसते. म्हणजे शाळेची इमारत, आपली वीस वर्षांची नोकरी, मिळालेले पुरस्कार यांतलं काही तिथं बोलत नाही. लिहिलेले शब्द तेवढे बोलतात.

आपल्यापैकी अनेकांनी शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी अहवाल लिहिलेला असतो : गरज, उद्दिष्टं, नियोजन, कार्यपद्धती, यशस्विता, समारोप. तो अहवाल जवळ असेल तर उत्तमच, कच्चा माल तयार आहे. पण तोच कापून-जोडून प्रस्ताव म्हणून पाठवू नका. अहवाल झालेल्या कामाचा हिशेब देतो. प्रस्ताव पुढच्या पन्नास मिनिटांचा शब्द देतो : 'तुम्ही माझ्यासमोर बसलात तर सोमवारी तुमच्या वर्गात तुम्ही हे करू शकाल.' एवढा फरक मनात पक्का बसला की अर्धं काम झालं.

कुठून सुरुवात करावी

माझं स्पष्ट मत आहे की पहिलं पाऊल जवळ टाकावं. प्राथमिक शाळेत असाल तर केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे वीस मिनिटं मागून घ्या. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) विचारा; साताऱ्याची डाएट फलटणला आहे, सांगलीची सांगलीतच. अध्यापक महाविद्यालयं आणि कला महाविद्यालयं चर्चासत्रं घेतात, कलाशिक्षकांच्या संघटनांची अधिवेशनं असतात. तिथं एकदा उभं राहिलं की आपलं बोलणं किती लांबतं आणि कोणत्या चित्रापाशी माणसं पुढे झुकतात, ते कळतं. ते कळल्यावर लिहिलेला प्रस्ताव वेगळाच होतो.

नंतर बाहेर पाहा. युनेस्कोनं १९५१ मध्ये ब्रिस्टलला भरवलेल्या परिसंवादातून पुढे १९५४ मध्ये 'इन्सिया' ही कलाशिक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या जागतिक आणि विभागीय परिषदांना जगभरातले शिक्षक प्रस्ताव पाठवतात. अमेरिकेतली नॅशनल आर्ट एज्युकेशन असोसिएशन १९४७ पासूनची आहे. तिचं वार्षिक अधिवेशन साधारण मार्चमध्ये होतं, म्हणून तिथले प्रस्ताव आदल्या वर्षीच मागवले जातात. अशा ठिकाणी सादरकर्त्याला नोंदणी फी भरावी लागते आणि अनेकदा सभासदही व्हावं लागतं. निवड झाली म्हणजे ते खर्च देतील असं समजू नका. तो आकडा आधी काढा, मग लिहायला बसा.

एका बाबतीत सावध राहा. प्रस्ताव पाठवल्यावर दोन दिवसांत 'आपली निवड झाली आहे' असं कळवून लगेच फी मागणाऱ्या, नृत्यापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळे विषय एकाच दिवशी घेणाऱ्या परिषदा असतात. त्यांचं प्रमाणपत्र मिळतं, पण आपलं काम कुणी वाचलेलं नसतं. मागच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका मागा. त्यात कुणी काय सादर केलं ते दिसलं पाहिजे.

आवाहन पेन्सिल घेऊन वाचा

आवाहन छापून घ्या आणि पाच गोष्टींखाली रेघ मारा : अंतिम तारीख, शब्दमर्यादा, भाषा, सादरीकरणाचे प्रकार आणि परिषदेचा मुख्य विषय. नाव न लिहिण्याची अट असेल तर तीही. त्या अटीचा अर्थ एवढाच नाही की वर नाव टाकायचं नाही. गोषवाऱ्यात 'आमच्या अमुक विद्यालयात' असं आलं, फोटोत फळ्यावर शाळेचं नाव दिसलं, फाइलला स्वतःच्या आडनावाचं नाव दिलं, तरी अट मोडते. असे प्रस्ताव मी स्वतः बाजूला ठेवलेले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

तारखेचं एक गणित परदेशी परिषदांसाठी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण साडेनऊ (उन्हाळ्यात) किंवा साडेदहा (हिवाळ्यात). काही ठिकाणी 'पृथ्वीवर कुठेही' अशी वेळ लिहिलेली असते. म्हणजे जगात सर्वांत शेवटी तारीख बदलते तिथले रात्रीचे ११:५९, आपल्याकडची दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची ५:२९. पण या सवलतीच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या तासात फॉर्म उघडत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

आणखी एक. आपल्या शासकीय रेखाकला (चित्रकलेच्या) परीक्षांची धावपळ साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे जादा तास, फॉर्म, बैठकव्यवस्था या सगळ्यात प्रस्ताव लिहून होत नाही. ज्या परिषदेची तारीख त्या काळात येते, तिचा मजकूर जून-जुलैतच तयार करून ठेवा.

एकच धडा निवडा

माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला. त्यात मी वर्षभरातलं सगळं घातलं होतं : रांगोळी, भित्तिचित्र, टाकाऊतून टिकाऊ, गणेशमूर्ती कार्यशाळा, शिवाय परीक्षेचा निकाल. तीनशे शब्दांत अकरा उपक्रम. परत आलेल्या शेऱ्यात एवढंच होतं की यातलं श्रोत्यानं नेमकं काय घेऊन जायचं ते कळत नाही. त्या शेऱ्याबद्दल मी आजही आभारी आहे.

पुढच्या वेळी मी एकच गोष्ट घेतली : भोपळा.

मिरजेत सतार-तंबोरे बनतात हे सगळ्यांना माहीत आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा वाळवून, निवडून घेतात. तडा गेलेला भोपळा वाद्याच्या कामाचा राहत नाही. असे सहा तडकलेले भोपळे मी एका कारागिराकडून मागून आणले आणि आठवीच्या वर्गात ठेवले.

अडचण अशी होती की वस्तुचित्र काढायला सांगितलं की आमची मुलं आधी मधली उभी रेघ मारतात, डावी बाजू काढतात आणि ती उजवीकडे उलटी उतरवतात. तांब्या, पेला, बरणी यांना ही युक्ती चालते, आणि ती आम्हीच शिकवलेली असते. पण मग समोरच्या वस्तूकडे पाहायची गरजच उरत नाही. भोपळ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एकीकडे तो जमिनीवर टेकून चपटा झालेला असतो, दुसरीकडे फुगलेला. मी सांगितलं, मधली रेघ नाही आणि खोडरबर नाही. वर्गात फिरताना एका मुलाचं चित्र फारच बिनचूक समतोल दिसलं. कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला तेव्हा कळलं, त्यानं पेन्सिलीऐवजी अंगठ्याच्या नखानं मधली रेघ ओढून घेतली होती. कागदावर बारीक खाच होती, वरपासून खालपर्यंत सरळ.

त्या खाचेनं मला जे शिकवलं ते अकरा उपक्रमांनी शिकवलं नव्हतं. मुलाला वस्तूची भीती वाटत होती, रेघेचा आधार वाटत होता. हा एक क्षण घेऊन मी प्रस्ताव लिहिला आणि तो स्वीकारला गेला.

तुमच्याकडेही असा क्षण आहे. मुलानं अपेक्षेपेक्षा वेगळं काही केलं आणि तुम्ही थांबलात, तो क्षण शोधा. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं मुलांना दाखवली तेव्हा त्यांनी काय विचारलं? औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं दगडी शिल्पही आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहून आलेल्या सातवीच्या मुलींनी दुसऱ्या दिवशी मातीत काय केलं? पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकायला गेले होते आणि रंगांधत्वामुळे त्यांना रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावं लागलं. त्यांच्यासारखा रंगांतला फरक न कळणारा मुलगा तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्यासोबत तुम्ही रंगांचा धडा कसा घेतलात? यातला कुठलाही एक प्रश्न पूर्ण सादरीकरणाला पुरतो.

गोषवारा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आधी सर्रास येतो तसा एक नमुना पाहा.

'कला ही मानवी जीवनाचे अविभाज्य अंग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक शिक्षणावर भर देण्यात आला आहे. आजच्या स्पर्धेच्या युगात विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे गरजेचे आहे. प्रस्तुत सादरीकरणात निरीक्षणशक्ती वाढवण्यासाठी राबवलेल्या उपक्रमाचा आढावा घेतला जाईल.'

यात चुकीचं काही नाही, पण ही चार वाक्यं कुणाही शिक्षकाची असू शकतात. धोरणाचं नाव तपासणाऱ्याला माहीत असतं. ते लिहून आपण आपलीच जागा खर्च करतो. धोरणाशी तुमच्या धड्याचा खरोखर संबंध असेल, म्हणजे भूमितीचे शिक्षक आणि तुम्ही मिळून तास घेतला असेल, तर तो तास सांगा. धोरण त्यातून आपोआप दिसतं.

आता माझा, थोडा आवरून.

'भोपळ्याला मधली रेघ नसते : आठवीच्या वर्गातील निरीक्षणाचे दोन तास

वस्तुचित्र काढताना माझे विद्यार्थी आधी मधली उभी रेघ मारतात आणि डावी बाजू उजवीकडे उलटी उतरवतात. समोरची वस्तू पाहण्याची गरज उरत नाही. ही सवय मोडण्यासाठी तंतुवाद्य कारागिरांनी बाजूला काढलेले सहा वाळके भोपळे मी आठवीच्या ५८ मुलांसमोर ठेवले. पहिल्या तासाला मुलांनी गटात बसून डोळे मिटून भोपळा चाचपला. दुसऱ्या तासाला मधली रेघ न मारता, खोडरबर न वापरता तो काढला. दोन्ही बाजू सारख्या नसल्याने पाठ केलेली पद्धत चालली नाही. सहा मुलांची आधीची व नंतरची चित्रे शेजारी ठेवून फरक कुठे पडला आणि कुठे पडला नाही, ते मी मांडेन. श्रोते स्वतः हा प्रयोग करतील. आपल्या गावात सहज मिळणारी एखादी वस्तू घेऊन ३५ मिनिटांचे दोन तास कसे घ्यायचे, याचा एक पानी आराखडा ते सोबत नेतील.'

पहिली दोन वाक्यं अडचण सांगतात, आणि ती अडचण ऐकणाऱ्या प्रत्येक कलाशिक्षकाच्या ओळखीची आहे. तिसऱ्यात कोण, किती, काय ते आलं. मग कृती. मग 'कुठे पडला नाही' हे शब्द. ते मी जाणूनबुजून घातले. सगळं यशस्वी झालं असं लिहिणाऱ्यावर तपासणाऱ्याचा विश्वास बसत नाही, कारण तोही वर्गात शिकवतो. शेवटच्या दोन वाक्यांत श्रोत्याचा वाटा आहे. नखाची रेघ मी गोषवाऱ्यात घातली नाही. 'सविस्तर वर्णन' असा वेगळा रकाना होता, तिथं ती घातली.

मुलांची संख्या लिहायला लाजू नका. एका वर्गात ५८ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, स्वतंत्र चित्रकला खोली नाही, हे सगळं लिहा. त्यामुळे काम कमी ठरत नाही. उलट एवढ्या गर्दीत हे होऊ शकतं, हीच मोलाची माहिती आहे. परदेशी परिषदेसाठी 'आठवी' एवढं पुरत नाही, 'वय १३ ते १४' असंही लिहावं लागतं.

शीर्षक

शीर्षक शेवटी ठरवा. मोठ्या परिषदेत एकाच वेळी अनेक खोल्यांत सत्रं चालू असतात. माणसं कार्यक्रमपत्रिकेवर बोट फिरवत खोली निवडतात. 'निरीक्षणशक्ती विकास : एक अभ्यास' वाचून बोट पुढे सरकतं. पहिल्या भागात वस्तू किंवा प्रश्न, दुसऱ्या भागात वर्ग आणि विषय, असं जोडशीर्षक बहुतेक वेळा जमून येतं.

प्रकार आणि मिनिटं

व्याख्यान, प्रात्यक्षिकासह कार्यशाळा, गटचर्चा, भित्तिपत्रक (पोस्टर लावून त्याच्याजवळ उभं राहून बोलणं) असे प्रकार असतात. नवख्यांना मी भित्तिपत्रक किंवा १५-२० मिनिटांचं छोटं सादरीकरण सुचवेन. भित्तिपत्रकाला कमी लेखू नका. माणसं जवळ येऊन, चित्राला नाक लावून पाहतात आणि खरे प्रश्न तिथंच विचारतात.

कार्यशाळा घेणार असाल तर मिनिटांचा हिशेब लिहाच. माझा ५० मिनिटांचा असा होता : श्रोत्यांना आठवणीतून भोपळा काढायला लावणं ५ मिनिटं, चाचपणं १०, पाहून काढणं १०, मुलांची चित्रं १५, प्रश्नोत्तरं १०. हा हिशेब वाचून तपासणाऱ्याला कळतं की या बाईंनी हे खरंच करून पाहिलं आहे. साहित्याच्या रकान्यात 'आवश्यक साहित्य' असं मोघम लिहू नका : ३० कागद, ३० '६बी' (मऊ, गडद) पेन्सिली, पाच टेबलं, प्रोजेक्टर. पाण्याचे रंग वापरणार असाल तर विचारून घ्या, कारण अनेक सभागृहांत नळ जवळ नसतो आणि जमिनीवर गालिचा असतो.

'श्रोत्यांना काय मिळेल' या रकान्यात क्रियापदं वापरा, ती करून दाखवता येतील अशी. 'जाणीव निर्माण होईल' असं नको. 'दोन तासांचं नियोजन करता येईल', 'आधीच्या-नंतरच्या चित्रांची तुलना तीन निकषांवर करता येईल' असं हवं.

फॉर्म भरताना

हा भाग कंटाळवाणा आहे, पण अनेकांचं काम इथंच अडतं.

डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप करून आणलेला मजकूर ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवला की त्याची अक्षरं विस्कटतात. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच दिसेल अशा पद्धतीत, हवा. मोबाइलवर जे मराठी आपण रोज लिहितो ते युनिकोडच असतं, त्यामुळे मोबाइलवर टाइप करून स्वतःला मेल करणं हा सोपा मार्ग आहे.

मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते पाहा. अक्षरांची असेल तर संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजतो. आपल्याला 'कृष्णा' दोन अक्षरी वाटतं, फॉर्म ते सहा मोजतो. इंग्रजीसाठी ठरवलेल्या मर्यादेत मराठी मजकूर म्हणूनच बसत नाही. आधी फॉर्मच्या रकान्यात चिकटवून पाहा, मग काटछाट करा.

इंग्रजीत पाठवायचा असेल तरी आधी मराठीत पूर्ण लिहा. विचार मराठीत सरळ झाला की इंग्रजीही सरळ होतं, आणि शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवता येतं. 'रांगोळी', 'तंबोरा' हे शब्द तसेच ठेवून पुढे चार शब्दांत अर्थ द्या.

चित्रांचे फोटो सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन येत नसेल तिथं, फ्लॅश बंद ठेवून काढा. चित्र भिंतीला सपाट लावा आणि मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर समांतर धरा, नाहीतर चौकटीच्या बाजू तिरक्या येतात. पेन्सिलीची हलकी रेघ फोटोत दिसत नाही. अशा वेळी एका बाजूनं उजेड घ्या. नखाची ती खाच मी तशीच टिपली. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा दर्जा घसरतो.

मुलाचा चेहरा, नाव किंवा चित्र वापरायचं तर पालकांची लेखी संमती घ्याच. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी चित्र मुलाचं आहे. माझं संमतीपत्र दोन ओळींचं आहे : 'माझ्या पाल्याने काढलेले चित्र कलाशिक्षकांच्या परिषदेत दाखवण्यास माझी संमती आहे. चित्राखाली त्याचे/तिचे पहिले नाव लिहावे / लिहू नये.' दुसऱ्या ओळीत बहुतेक पालक 'लिहावे' वर खूण करतात. एका आईनं सहीखाली लिहून पाठवलं होतं, 'नाव मोठ्या अक्षरात लिहा.'

परिचय

पन्नास-साठ शब्द पुरे, आणि ते तृतीयपुरुषी. कुठल्या इयत्तांना किती वर्षं शिकवता, सध्या वर्गात कशावर काम करता, आधी कुठं सादरीकरण केलं असल्यास ते. पुरस्कारांची यादी नको. आधी कुठंच सादरीकरण केलेलं नसेल तर ती ओळ सरळ गाळा, त्याबद्दल क्षमा मागू नका. अनेक आयोजक नव्या सादरकर्त्यांना मुद्दाम जागा ठेवतात.

पाठवण्याआधी आणि नंतर

प्रस्ताव दोघांना वाचायला द्या. एक कलाशिक्षक, एक अजिबात चित्रकलेशी संबंध नसलेला. माझा प्रस्ताव आमच्या गणिताच्या मॅडमनी वाचला आणि विचारलं, 'पण मधली रेघ मारली तर बिघडतं कुठं?' तो प्रश्न मी सविस्तर वर्णनात जसाच्या तसा घातला आणि तिथंच उत्तर दिलं. वाचणाऱ्याला गोषवारा बाजूला ठेवून तोंडी सांगायला लावा, 'यात काय आहे?' जे त्यांना सांगता येणार नाही, ते पुन्हा लिहा.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. निवड झाल्यावर अचानक रजा मागितली की अडचण होते. परिषदेच्या दिवसांसाठी कर्तव्यरजा मिळते का, संस्थेची लेखी परवानगी लागते का, परदेशी जायचं तर ना हरकत प्रमाणपत्राला किती वेळ लागतो, हे आधी विचारून ठेवा. पोच आलेल्या मेलची प्रत छापून फाइलला लावा.

उत्तर तीन प्रकारचं येतं. नकार आला तर शेरे मागा, नम्रपणे, दोन ओळींत. मिळाले तर ते घेऊन तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवा; एका परिषदेनं नाकारलेला प्रस्ताव दुसरीनं घेणं अगदी नेहमीचं आहे. प्रतीक्षायादीत असाल तर 'मी तयार आहे' असं लगेच कळवा, कारण गळती होतेच. होकार आला तर दिलेल्या तारखेआधी स्वीकृती कळवा आणि नोंदणी करा. ती न केल्यामुळे मिळालेली जागा गेलेले लोक मी पाहिले आहेत.

मग तयारी. संपूर्ण सादरीकरण एकदा स्टाफरूममध्ये घड्याळ लावून करा. चित्रांच्या मूळ प्रती न्यायच्या असतील तर गुंडाळू नका, पेन्सिल आणि खडू घासले जातात. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, प्रत्येक चित्रावर बटरपेपर ठेवून, चारही बाजूंनी नाडी बांधून न्या. परदेशी जाताना वाळकी फळं, बिया, पानं यांसारख्या वनस्पतीजन्य वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि अडवल्याही जातात, तेव्हा वस्तू तिथल्याच बाजारातून घ्या. आपल्याच राज्यात असेल तर सोबत न्या. पुण्याला जाताना मी भोपळा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, कारण एसटीच्या डिकीत त्याचा निभाव लागला नसता. साताऱ्यापर्यंत शेजारच्या आजी तो काय आहे ते विचारत होत्या. मग त्यांनी चादर बाजूला करून, डोळे मिटून तो चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, 'हिकडनं बसकाय गं ह्यो.'